चिंधीवरचं नाव

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा भाग दाखवून होईपर्यंत आत काय झालं ते घरच्यांना, मित्रमंडळींना, पत्रकारांना, कुणालाच सांगायचं नाही असं करारात लिहिलंय. वहीचा उल्लेख कुठेच नाही, मी दोनदा वाचून खात्री केली.

आज 'रानमुक्काम'चा पहिला भाग लागला. गणपती झाल्यावर आम्ही बारा जण सव्वीस दिवस सह्याद्रीतल्या एका जंगलात राहून आलो. लाकडं फोडली, कंद उकडून खाल्ले आणि दर दोन-तीन दिवसांनी मतं टाकून एकेकाला घरी पाठवलं. आता ते सगळं दर रविवारी संध्याकाळी सात वाजता दिसणार. बाबांनी अर्धी गल्ली घरात गोळा केली होती. तीस वर्षं गणित शिकवताना ज्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, ते दत्तोपंत मास्तर, म्हणजे बाबा, माझा चेहरा दिसल्यावर चक्क खुर्चीतून उठून उभे राहिले. "ही आमची देविका," म्हणाले. जमलेल्या सगळ्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं आहे.

माझ्या चेहऱ्याखाली अक्षरं आली, 'देविका, अत्तर आणि कपडे, नांदेड'. 'फाया'चं नाव त्यांनी घातलंच नाही. त्या नावासाठी तर मी गेले होते! अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा कानात खोचतात, तो फाया. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांपुढे आमच्यासारख्या दोन बायकांच्या धंद्याला कोण विचारतं, म्हणून टीव्ही.

बाबांनी विचारलं, "जिंकलीस का गं?" मी करार दाखवला. ते हसले. त्यांना वाटतंय मी जिंकले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून फोन. आरती तर शिलाई मशीनवरून उठायलाच तयार नाही. ती कंधारची, माझी भागीदार. मी अत्तरं काढते, ती जुन्या लुगड्यांना वाकळीचे टाके घालून जाकिटं शिवते. आमच्या दोन खोल्यांत एकीकडे अत्तर गाळायचा तांब्याचा भपका खदखदत असतो आणि दुसरीकडे तिचं मशीन.

दुपारी केवळाबाईंचा फोन आला. आमच्या बारा जणांतल्या सगळ्यात मोठ्या, बावन्न वर्षांच्या, लातूरकडच्या मुरुडजवळच्या. त्यांचा अर्ज गावच्या बचत गटातल्या बायकांनी परस्पर भरला होता. चकमकीशिवाय विस्तव करायला आम्हाला त्यांनी शिकवलं. पहिल्या आठवड्यात मी तापाने फणफणले तेव्हा माझ्या वाटची लाकडं त्यांनीच फोडली होती.

"पोरी, टीव्हीत तू लई बारीक दिसतीस. जेवतीस का न्हाई?"

मी म्हटलं, जेवते.

"माझ्या ओढ्याच्या कडंला वाळा लई माजलाय. मुळ्या खणून धाडू का तुला? अत्तराला व्हतंय का?"

मला उडी मारावीशी वाटली. असा ताजा वाळा मला कुठून मिळणार? मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या अत्तराचा वास लई दिस ऱ्हातो बघ. कापडाला लागला की जातच न्हाई."

केवढी मोठी पावती! आम्हाला घरून एक वस्तू नेण्याची मुभा होती आणि मी वाळ्याच्या अत्तराची छोटी कुपी नेली होती. आत कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. आमच्यातल्या बुद्धप्रियाला शिंका यायच्या आणि केवळाबाई म्हणायच्या, मला काय लग्नाला जायचंय. रोज लावणारी मी एकटीच. आता त्यांचंच वाक्य बाटलीवरच्या कागदावर छापावं असं डोक्यात आलंय. आरतीला विचारते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज शपथेचा भाग होता.

मला वाटलं होतं ते कापून टाकतील. पण संपूर्ण दाखवलं, मागे बासरी वगैरे लावून. चुलीपुढे आम्ही तिघी. केवळाबाईंनी राखेचं बोट माझ्या आणि बुद्धप्रियाच्या तळहाताला लावलं आणि म्हणाल्या, "ह्यांनी आपल्याला एकमेकीवर सोडायला आणलंय, कोंबड्यावानी. आपण न्हाई झुंजायचं. बाईनं बाईचं नाव लिव्हायचं न्हाई. शेवटाला तिघीच ऱ्हाऊ, मग ज्याला कुणाला निवडायचं त्यो निवडंल." बुद्धप्रिया रडली होती. ती नांदेडचीच, सव्वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते, सहसा रडणारी नव्हे. मीही रडले होते, आणि खरंच रडले होते, हे इथे लिहून ठेवते.

बाबा म्हणाले, "ही बाई फार मोठ्या मनाची आहे."

मला जेवण गेलं नाही. बाबांना वाटलं, आनंदाने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात गेले तर आरतीने जाकीट टेबलावर पसरून ठेवलं होतं. काळं, पाठीवर लाल दोऱ्याने भरलेलं, 'बाईनं बाईचं नाव लिहायचं नाही'.

"नको हे," मी म्हटलं.

"का हो ताई? लोक हेच मागून राहिलेत. कालपासून चाळीस जणींनी विचारलं."

"शपथ होती ती, आरती. शपथेची जाकिटं काय शिवायची?"

"मग तर शिवलीच पाहिजेत. लोकं देवाचं नाव छापत्यात अंगावर." तिने दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे पाहिलं. "का, काही हाय का मध्ये?"

करार, असं म्हणून मी सुटले. करार ही फार सोयीची वस्तू आहे.

७ डिसेंबर, रविवार

आता लिहून टाकते. वहीपासून तरी काय लपवायचं.

तेविसाव्या दिवशी आम्ही पाच उरलो होतो. आम्ही तिघी, उदगीरचा व्यायामशाळावाला ईश्वरप्पा आणि पुण्याचा अनिमेष. तिघींनी ईश्वरप्पाचं नाव लिहायचं ठरलेलं. तीन विरुद्ध दोन, सरळ हिशोब. दुपारी पाणी आणायला गेले तेव्हा ईश्वरप्पा भेटला. म्हणाला, "ताई, शेवटी लोकांनी निवडायचं हाय. म्हातारी ऱ्हायली तर तिलाच निवडणार, तुम्ही कितीबी पळा. तिला काढा, आम्ही दोघं तुम्हाला शेवटपर्यंत नेतो. आमच्यापुढं तुम्हीच जिंकणार."

जिंकणाऱ्याच्या धंद्यावर एक अख्खा भाग होणार होता. अख्खा तास. आमचा भपका, आरतीचे टाके, 'फाया'ची पाटी.

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी मतकोपऱ्यात गेले. पांढऱ्या कापडाची चिंधी आणि कोळसा. नाव लिहायचं आणि चिंधी मडक्यात टाकायची. केवळाबाईंचा गुडघा सुजला होता, त्यांना घरी गेलेलंच बरं, असं मी मनाशी म्हटलं. मग अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. गुडघ्याची एवढी काळजी होती तर उजव्या हाताने लिहायला काय झालं होतं?

तिथल्या रीतीप्रमाणे जाणाऱ्याला त्याच्या नावाच्या चिंध्या हातात देतात. केवळाबाईंनी तिन्ही चिंध्या घेतल्या, पदराने तोंड पुसावं तशा चेहऱ्याजवळ नेल्या, ओच्यात खोचल्या आणि आम्हा दोघींना जवळ घेतलं. कुणाला काही विचारलं नाही. त्यांना काही कळलं नाही म्हणून बरं वाटलं.

बुद्धप्रियाने मात्र विचारलं. "ताई, तुम्ही?" मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि तिच्याकडे अशी बघत राहिले की तिनेच मान खाली घातली.

तीन दिवसांनी त्या दोघांनी माझं नाव लिहिलं.

११ डिसेंबर, गुरुवार

मुरुडहून एसटीने वाळ्याच्या जुड्या आल्या. माती धुऊन, सुतळीने बांधून. वर एका पुडीत शेंगदाण्याची चटणी. दोन्ही खोल्या वासाने भरून गेल्या.

फोन करायला हवा होता. आभाराचा केला. दुसरा नाही केला.

२१ डिसेंबर, रविवार

 आज तो भाग. ठरवलं होतं की दुपारी केवळाबाईंना फोन करून सांगून टाकायचं, टीव्हीवर बघण्याआधी माझ्या तोंडून ऐकू दे. तीन वाजता नंबर काढला. चार वाजता भपक्याखालचा विस्तव बघायला गेले. साडेपाचला वाटलं, आता गावच्या शाळेत पडदा लावून सगळे जमले असतील, आता कशाला.

सात वाजता बाबांशेजारी बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले.

त्यांनी मला दाखवलंच नाही! मतकोपऱ्यातली माझी पाठ दिसली, दोन सेकंद. मग बुद्धप्रियाचा चेहरा, ओठ चावणारी, खाली बघणारी, आणि लगेच मडक्यात पडणारी चिंधी. तिच्यावर वेडीवाकडी अक्षरं, 'केवळाबाई'. पुन्हा बुद्धप्रियाचा चेहरा. तो चेहरा मला आठवतो. त्या सकाळी तिची पाळी आली होती आणि तिचं पोट दुखत होतं.

"मला आधीच वाटलं होतं, ती मुलगीच असणार," बाबा म्हणाले.

"का?"

"उगीच. वाटलं."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मी सुटले होते. आत जाऊन दार लावलं आणि मला हसू आलं. हेही लिहून ठेवते.

२३ डिसेंबर, मंगळवार

बुद्धप्रियाच्या फोटोंखाली लोक काय काय लिहीत आहेत. गद्दार हा त्यातला सौम्य शब्द. तिच्या नावावरून लिहितायत, तिच्या वस्तीवरून लिहितायत, ह्यांच्यावर विश्वास ठेवायचाच नसतो म्हणतायत. लोक इतके खालच्या पातळीला का जातात कळत नाही. माझ्या फोटोंखाली फुलं आणि हृदयं. 'देविकाताई, तुम्ही शब्द पाळलात.'

संध्याकाळी ती दुकानात आली. आरती होती, म्हणून बाहेर पायरीवर बसलो.

"ताई, ग्राउंडवर जाणं बंद केलं मी. पोरं मोबाइल काढून शूटिंग करून राहिलेत. आईला भाजीवाली बोलली. भरती फेब्रुवारीत आहे माझी."

"लोक विसरतील गं."

"मी नाही लिहिलं, ताई. मग दोघींत कोण उरलं?" तिने आवाज चढवला नव्हता. "मी कुणाला काही बोलले नाही. तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मी तिला कराराबद्दल सांगितलं. चार जानेवारीला शेवटचा भाग, त्यानंतर बघू. "बघू म्हणजे?" तिने विचारलं. मी तिला चहा प्यायचा आग्रह केला. ती न पिता गेली.

आरती आतून सगळं ऐकत असावी. मशीन बंद होतं. पण तिने काही विचारलं नाही, आणि आज जाकिटावर ती ओळ भरायलाही बसली नाही. बोट दुखतंय म्हणाली.

२८ डिसेंबर, रविवार

आज मी बाहेर पडले, टीव्हीवर. चिंध्या उघडून दाखवल्या. दोन माझ्या नावाच्या, दोन ईश्वरप्पाच्या, त्यातली एक मी लिहिलेली. मग दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं निघालं.

म्हणजे बुद्धप्रियाने त्या दिवशीही ईश्वरप्पाचंच नाव लिहिलं होतं. मला ओळखून, माझ्याशेजारी बसून. तेव्हा मला वाटलं होतं की अनिमेष फुटला असेल.

बाबा म्हणाले, "पाहिलंस? त्या मुलीला शेवटी लाज वाटली."

"बाबा, गप्प बसा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. त्यांनी दुखावून चष्मा काढला आणि पुसायला लागले. मी भाजी गरम करायला उठले.

५ जानेवारी, सोमवार

काल संपलं. अनिमेष जिंकला. त्याचा कॉफीचा धंदा आहे, होऊ दे त्याचा भाग.

चॅनेलच्या माणसाला फोन केला. माझ्या मताचं चित्रण कधी दाखवणार आहात का? तो म्हणाला, "मॅडम, तो विषय संपला. आम्ही नव्या पर्वात आहोत." करारही संपला. आता माझ्यात आणि खरं बोलण्यात कुणी उभं नाही.

येत्या रविवारी केवळाबाईंच्या गावी त्यांचा सत्कार आहे. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलंय. "दोघीबी या. न्हाई आलात तर म्या स्टेजवर चढत न्हाई." मी तिथेच सांगणार. सगळ्यांपुढे. कागदावर चार वाक्यं लिहून ठेवली आहेत, पाठ केली आहेत.

११ जानेवारी, रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर मी ह्यातही काहीतरी फिरवीन.

काल संध्याकाळीच मी मुक्कामाला गेले. बुद्धप्रिया आज सकाळच्या गाडीने येणार होती. पहाटे केवळाबाईंनी मला शेतात नेलं. हरभरा गुडघ्याएवढा. रात्री त्यांनी त्याच्यावर धुतलेलं धोतर पसरून ठेवलं होतं, दवाबरोबर हरभऱ्याची आंब त्यात उतरते. त्यांनी ते तांब्यात पिळलं. पोटदुखीवर औषध म्हणून वर्षभर ठेवतात. त्या आंबट, हिरव्या वासाचं अत्तर काढता येईल का, ह्याचाच मी विचार करत होते.

"कापड समदं धरून ठिवतंय," त्या पिळता पिळता म्हणाल्या. "ती चिंधी म्या ट्रंकेत ठिवलीया. वाळ्याचा वास अजून हाय तिला."

तांब्यात थेंब पडत होते. चेहऱ्याजवळ नेलेल्या चिंध्या मला आठवल्या. तो नोव्हेंबरातला फोनही.

"तुम्हाला तेव्हापासून..."

"तवापासून. म्हणलं, आज सांगंल, उद्या सांगंल. वाट बघत ऱ्हायले." रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या पोरीचे हाल बघवंनात आता."

मी त्यांचे ओले हात धरले. आज सांगते, स्टेजवर, सगळ्यांसमोर, म्हटलं. कागदही दाखवला. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "सांग. म्या हाय तुझ्याशेजारी."

अकरा वाजता शाळेच्या मैदानात मांडव भरला. शाल, फेटा, भाषणं. बुद्धप्रिया आली तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती ताठ चालत आली आणि केवळाबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली. मग लातूरच्या एका यूट्यूब चॅनेलचा माणूस माइक घेऊन वर आला. लोकांना एकच प्रश्न पडलाय, म्हणाला, शपथ कुणी मोडली? आणि माइक त्याने आधी माझ्यापुढे धरला.

कागद माझ्या मुठीत होता. मी उभी राहिले. पहिल्या रांगेत गटातल्या वीसेक बायका, काहींच्या अंगात आमची काळी जाकिटं. एक म्हातारी माझ्याकडे बघून हसत होती, तोंडात दात नाहीत. केवळाबाईंनी माझा हात धरला होता. मी म्हणाले, "मला एक सांगायचंय." 

चार वाक्यं होती. पहिलं होतं, 'ते नाव मी लिहिलं.'

मी म्हणाले, "आम्ही तिघी एक होतो आणि एकच राहू." टाळ्या पडल्या.

केवळाबाईंचा हात माझ्या हातात तसाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुरतं एकदा. मग हात सोडवून घेतला. तोवर माइक बुद्धप्रियापुढे गेला होता. "तुम्ही का केलंत असं?" त्याने विचारलं. मागून पुन्हा शिट्टी आली. केवळाबाईंनी माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

"तिला काय विचारतूस? मला विचार. माझं नाव म्याच लिव्हलं. गुडघा सुजला व्हता, घरची ओढ लागली व्हती, आन सोडून चालले म्हणायची लाज वाटली. अक्षर बघितलं न्हवं टीव्हीत? दुसरी इयत्ता शिकलेलीचं अक्षर हाय ते. ह्या पोरींनी शब्द पाळला. म्याच मोडला."

 मग एक बाई हसली, मग सगळा मांडव. दोन बायांनी स्टेजवर येऊन बुद्धप्रियाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. शिट्ट्या मारणारी पोरं तिच्याबरोबर फोटो काढायला आली.

जेवणाच्या पंगतीआधी मी त्यांना घरामागे गाठलं. मी आत्ता जाऊन सांगते, म्हटलं, माइक अजून चालू आहे.

"आता नगं. आता बोललीस तर म्या खोटी पडते, आन त्या पोरीवर पुन्हा धुरळा." त्यांनी फेटा सोडून हातावर गुंडाळायला घेतला. "लोकं बाया भांडायची वाट बघत बसल्यात. म्हणलं, बसा उपाशी."

"माझ्यासाठी केलंत का?"

"तुज्यासाठी?" त्यांनी मान हलवली. "न्हाई, पोरी. तुज्यासाठी करायचं ते सकाळी शेतातच केलं व्हतं."

मग त्यांनी मला जेवायला पाठवलं. मी जेवले. वाळा पुढच्या महिन्यात पुन्हा धाडते, असंही म्हणाल्या.

परत येताना लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीला अर्धा तास होता. बुद्धप्रियाने दोन चहा आणले. आज महिनाभरात पहिल्यांदा ती मोकळी दिसत होती. उद्यापासून ग्राउंडवर जाणार म्हणाली. मग तिने कप खाली ठेवला.

"ताई, एक बोलू? मी इतके दिवस तुमच्यावर संशय घेतला. त्या दिवशी तुमच्या दारात येऊन नको ते बोलले. घरीही आईला सांगितलं होतं, तुम्हीच केलं म्हणून." तिचे डोळे भरले होते. "मला माफ करा, ताई."

तिने वाकून माझ्या पायाला हात लावला, स्टँडवर, सगळ्यांसमोर. मी तिला उठवलं.

"असू दे गं," मी म्हणाले.